तांबेऱ्याशी वीस वर्षांची झुंज : गहूतज्ज्ञ डॉ. बेंजामिन पिअरी पाल

नवी दिल्ली : गव्हाचे पीक ओंबीवर आले की शेतकऱ्याची नजर पानांवर खिळते. हिरव्या पानावर नारिंगी किंवा तपकिरी ठिपके दिसू लागले आणि बोट फिरवताच गंजासारखी भुकटी हाताला लागली, तर तांबेरा आला हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. ही भुकटी म्हणजे एका बुरशीचे असंख्य बीजाणू. वारा त्यांना एका शेतातून दुसऱ्या शेतात आणि एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेतो. दाणा भरण्याच्या दिवसांत त्यांनी जोर धरला की ओंब्यांत सुरकुतलेले, पोचट दाणे उरतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नर्मदेच्या खोऱ्यातील गहू या रोगाने उद्ध्वस्त झाल्याच्या नोंदी आहेत, आणि १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारताने त्याच संकटाचा पुन्हा अनुभव घेतला.

या रोगाला तोंड देणारा भारतीय गहू घडविण्यासाठी डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी आयुष्यातील सुमारे वीस वर्षे वेचली. १९५४ मध्ये त्यांना यश आले. मात्र त्यानंतर दहाच वर्षांत देशाची भूक भागविण्यासाठी एका परक्या, बुटक्या गव्हाला भारतीय शेतात आणण्याचा निर्णय झाला आणि पाल यांचे उंच वाण हळूहळू शेतांतून दिसेनासे झाले. त्या निर्णयाला विरोध करण्याचा अधिकार आणि प्रतिष्ठा ज्यांच्याकडे होती, त्यांत पाल अग्रणी होते. त्यांनी त्या गव्हाची वाट मोकळी केली. हरित क्रांतीच्या कथेत त्यांचे नाव अनेकदा मागच्या ओळीत राहते. त्या क्रांतीची जमीन मात्र त्यांनीच तयार केली होती.

ब्रह्मदेशातील बालपण

पाल यांचा जन्म २६ मे १९०६ रोजी पंजाबातील मुकंदपूर या गावी झाला. वडील वैद्यकीय सेवेत होते आणि नोकरीच्या निमित्ताने कुटुंब ब्रह्मदेशात गेले. तेथील मेम्यो या थंड हवेच्या गावी त्यांचे शालेय शिक्षण झाले. शाळेच्या परिसरातील बागेत गुलाबांची जी ओढ लागली, ती अखेरपर्यंत सुटली नाही. रंगून विद्यापीठात त्यांनी वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेतले आणि विद्यापीठातील अव्वल विद्यार्थ्यांत स्थान मिळविले.

पुढील शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. गहू पैदाशीच्या क्षेत्रात त्या काळी केंब्रिजचा मोठा दबदबा होता. तांबेऱ्याला होणारा प्रतिकार मेंडेलच्या अनुवंशाच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत उतरतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून देणारे सर रोलंड बिफन तेथेच कार्यरत होते. बिफन आणि त्यांचे सहकारी फ्रँक एंगलडो यांच्या सान्निध्यात पाल यांनी गव्हातील संकरजोम या विषयावर डॉक्टरेट मिळविली. रोगाशी लढण्याची शक्ती ही योगायोगाची देणगी नसून ती पालक वाणांतून निवडून, जुळवून आणता येते, हा विचार घेऊन ते परतले.

काही काळ ब्रह्मदेशाच्या कृषी खात्यात भातसंशोधनाचे काम केल्यावर १९३३ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील इंपिरियल कृषी संशोधन संस्थेत दाखल झाले. अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत याच संस्थेत देशी गव्हांतून निवड करून एनपी ४ आणि एनपी १२ यांसारखे वाण दिले होते. एनपी हे न्यू पुसा या नावाचे लघुरूप. एनपी ४ च्या दाण्याची प्रत इतकी चांगली होती की परदेशी प्रदर्शनांतही त्याला बक्षिसे मिळाली. तांबेऱ्याची साथ जोरात आली की मात्र या वाणांचा निभाव लागत नसे. हॉवर्ड यांच्या वाणांचे गुण कायम ठेवून त्यांना रोगाशी लढण्याचे बळ देणे, हे काम पाल यांच्यापुढे होते.

ते पुसा येथे रुजू होऊन काही महिने होतात न होतात तोच १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ भीषण भूकंपाने हादरले. संस्थेच्या इमारतींची इतकी हानी झाली की ती दुसरीकडे हलविण्याचा निर्णय घ्यावा लागला. १९३६ मध्ये संस्था दिल्लीत आली आणि येताना आपल्या गावाचे नावही घेऊन आली. दिल्लीकर आजही त्या परिसराला पुसा म्हणूनच ओळखतात. १९३७ मध्ये पाल यांच्याकडे इंपिरियल इकॉनॉमिक बोटॅनिस्ट हे पद आले, तेव्हा ते अवघे ३१ वर्षांचे होते.

एक रोग, तीन शत्रू

तांबेरा हे एकाच रोगाचे नाव वाटत असले तरी गव्हावर येणारा तांबेरा तीन प्रकारचा असतो. काळा तांबेरा मुख्यतः खोडावर येतो आणि त्याला ऊब मानवते. तपकिरी तांबेरा पानांवर विखुरलेल्या ठिपक्यांच्या रूपाने दिसतो. पिवळा तांबेरा पानाच्या शिरांना समांतर रेषांत पसरतो आणि थंड हवेत फोफावतो. म्हणून पंजाब आणि हिमालयाच्या पायथ्याला पिवळ्याचे भय अधिक, तर मध्य भारतात आणि दख्खनमध्ये काळ्या व तपकिरी तांबेऱ्याचे. तिन्ही बुरशी वेगवेगळ्या आहेत. एकीला दाद न देणारा गहू दुसरीपुढे सहज आडवा होतो.

शिवाय प्रत्येक बुरशीच्या अनेक पोटजाती असतात. आज रोगमुक्त असलेला वाण उद्या नव्या पोटजातीला बळी पडू शकतो. काळ्या तांबेऱ्याच्या पोटजाती ओळखण्यासाठी जगभरच्या शास्त्रज्ञांनी १२ गव्हांचा एक ठरावीक संच स्वीकारला होता. प्रत्येक नमुन्याचे बीजाणू या बाराही गव्हांच्या रोपांवर सोडायचे आणि कोणता गहू टिकतो व कोणता आजारी पडतो यावरून पोटजात ठरवायची, अशी ती पद्धत होती. या बारांपैकी एक होता खपली. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या पेरलेला, पुरणपोळी आणि खिरीसाठी नावाजलेला खपली गहू त्याच नावाने अमेरिकेतील प्रयोगशाळांत पोहोचला होता, तो काळ्या तांबेऱ्याला सहसा दाद देत नाही म्हणून.

हा रोग दरवर्षी येतो कोठून, हा प्रश्नही महत्त्वाचा होता. भारताच्या मैदानी प्रदेशात गव्हाच्या कापणीनंतर कडक उन्हाळा येतो आणि त्या उष्णतेत तांबेऱ्याचे बीजाणू जगत नाहीत. तरीही पुढच्या हिवाळ्यात रोग हजर असतो. आग्र्याचे प्राध्यापक के. सी. मेहता यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण करून हे कोडे उलगडले. उत्तरेत हिमालयाच्या आणि दक्षिणेत निलगिरी व पळणीच्या डोंगरांत थंड हवेमुळे रोग वर्षभर तग धरतो आणि तेथून वाऱ्याबरोबर मैदानांत उतरतो, असे त्यांनी दाखवून दिले. शेतकऱ्याने आपले शेत कितीही स्वच्छ ठेवले तरी शेकडो मैलांवरून येणारे बीजाणू त्याला अडविता येणार नव्हते. त्या काळात गव्हाच्या विस्तीर्ण शेतांना परवडेल असे औषधही नव्हते. उरलेला उपाय एकच, तो म्हणजे रोगाला दाद न देणारे बियाणे.

चिमटा, कागदी पिशवी आणि वीस हंगाम

असे बियाणे घडविण्याचे काम कमालीचे कष्टाचे असते. गव्हाच्या फुलात परागीभवन फूल उमलण्याच्या आसपास आतल्या आतच होते. म्हणून संकर करायचा तर फूल कोवळे असतानाच बारीक चिमट्याने त्यातील पुंकेसर काढून टाकावे लागतात, ओंबीवर कागदी पिशवी चढवावी लागते आणि योग्य वेळी दुसऱ्या वाणाचे पराग आणून टाकावे लागतात. या खटाटोपातून हाती लागतात मोजके दाणे. ते पेरल्यावर पहिली पिढी एकसारखी दिसते. दुसऱ्या पिढीत मात्र दोन्ही पालकांचे गुण नाना प्रकारे विखुरतात, आणि हजारो रोपांतून हवी ती निवडणे तेव्हा सुरू होते. रोपांवर मुद्दाम रोगाचे बीजाणू सोडले जातात. जी टिकतात त्यांचे बी पुढच्या हंगामात पेरायचे, पुन्हा रोग सोडायचा, पुन्हा निवड करायची. वाण स्थिर होईपर्यंत अशा अनेक पिढ्या जातात.

पाल यांच्यासमोरची अडचण याहून मोठी होती. तिन्ही तांबेऱ्यांना पुरून उरणारा एकही चांगला पालक हाताशी नव्हता. एका प्रकारचा प्रतिकार एका देशाच्या गव्हात सापडे, दुसऱ्या प्रकारचा दुसऱ्या देशाच्या. परदेशी गव्हांचा प्रतिकार घ्यावा तर त्यांच्याबरोबर उशिरा पिकण्यासारखे नको असलेले गुणही येत. उत्तर भारतात मार्चअखेरीस उन्हाचा तडाखा सुरू होतो. उशिरा पिकणारा गहू येथे कामाचा नाही. शिवाय भारतीय ग्राहकाला मऊ पोळी देणारा, टपोरा, पिवळसर झाक असलेला दाणा हवा असतो. रोगाला जिंकणारा पण घरात नापसंत ठरणारा गहू शेतकरी दुसऱ्यांदा पेरणार नाही, याची पाल यांना जाणीव होती.

मैदानात गव्हाचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. उन्हाळ्यात थंड राहणाऱ्या सिमल्यात वाढीव पीक घेऊन त्यांनी वेळ वाचविला, आणि ज्या डोंगरांत रोग मुक्कामाला असतो तेथेच नव्या वाणांची परीक्षा घेण्याची सोय केली. पुढे निलगिरीतील वेलिंग्टन येथेही गहू संशोधनाचे केंद्र उभे राहिले. शत्रूच्या घरात जाऊन आपल्या शिपायाची कसोटी घेण्यासारखा हा प्रकार होता.

दरम्यान देशावरून मोठी वादळे गेली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने लाखो बळी घेतले. १९४६-४७ मध्ये मध्य भारतातील गहू काळ्या तांबेऱ्याने गिळला. त्याच वर्षी देशाची फाळणी झाली आणि पश्चिम पंजाबातील कालव्यांच्या पाण्यावर पिकणारे गव्हाचे सुपीक पट्टे पाकिस्तानात गेले. १९५०-५१ मध्ये भारतातील गव्हाचे उत्पादन सुमारे ६५ लाख टन होते आणि हेक्टरी सरासरी उत्पादन अवघे ६६३ किलो.

या काळात पाल यांच्या हातून एक किंवा दोन तांबेऱ्यांना तोंड देणारे वाण बाहेर पडत होते. अखेर १९५४ मध्ये एनपी ८०९ प्रसारित झाला. काळा, तपकिरी आणि पिवळा या तिन्ही तांबेऱ्यांना प्रतिकार करणारा हा भारतातील पहिला गहू. परस्परांपासून दूर वाढलेल्या गव्हांतील प्रतिकारशक्ती एका भारतीय वाणात एकत्र बांधता येते, हे त्याने सिद्ध केले.

जनुकांचा शोध आणि माणसांची पारख

या कामातून पाल यांना एक गोष्ट फार लवकर उमगली होती. पैदासकाराच्या हातात जितकी विविधता, तितकीच त्याची ताकद. १९३७ मध्येच त्यांनी नव्या जनुकांच्या शोधाची निकड सांगणारा लेख लिहिला. जगभरातील आणि देशाच्या कानाकोपऱ्यातील वाण, त्यांचे रानटी भाऊबंद, शेतकऱ्यांनी टाकून दिलेली जुनी बियाणी हे सारे गोळा करून जपले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. जनुकसंपदा हा शब्द सरकारी कागदपत्रांत रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. १९४६ मध्ये दिल्लीच्या संस्थेत परदेशी व देशी वनस्पतींच्या संकलनाची योजना सुरू झाली. तिचा विस्तार होत १९७६ मध्ये राष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा ब्युरो ही स्वतंत्र संस्था उभी राहिली.

१९४१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने अनुवंशशास्त्र आणि वनस्पती पैदाशीला वाहिलेली भारतीय शास्त्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या नियतकालिकाचे संपादन त्यांनी २५ वर्षे केले. दूरच्या केंद्रावर एकाकी काम करणाऱ्या संशोधकाला आपले निष्कर्ष मांडायला आणि इतरांचे तपासायला त्यामुळे हक्काची जागा मिळाली. १९५० मध्ये ते भारतीय कृषी संशोधन संस्थेचे संचालक झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५८ मध्ये, संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि कृषिशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणाचे मोठे दालन देशातच उघडले. तरुण संशोधकांना निवडून त्यांच्यावर जबाबदारी टाकण्याची त्यांची रीत होती. परदेशातून शिकून आलेले एम. एस. स्वामिनाथन १९५४ मध्ये संस्थेत दाखल झाले, तेही पाल यांच्याच काळात.

उंच गव्हाची मर्यादा

तांबेऱ्यावर तोडगा निघाला, तरी उत्पादन फारसे हलेना. १९६०-६१ मध्ये गव्हाचे हेक्टरी उत्पादन ८५१ किलोपर्यंत पोहोचले होते, एवढेच. लोकसंख्या त्याहून वेगाने वाढत होती. अडचण गव्हाच्या देहयष्टीतच होती. भारतीय वाण उंच आणि सडसडीत होते. कमी पाणी, कमी खत अशा परिस्थितीत शतकानुशतके टिकून राहण्यासाठी ते घडले होते आणि त्यांचा लांब पेंढा जनावरांच्या वैरणीला उपयोगी पडे. पण धरणांचे पाणी आणि कारखान्यांतले नत्रखत हाताशी येताच हा गुणच दोष ठरला. खत दिले की गहू आणखी उंच होई, ओंबी जड होई आणि वाऱ्याच्या एका झोताने पीक लोळे. लोळलेल्या गव्हाचा दाणा भरत नाही. रोगापासून वाचवलेले पीक शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत आपल्याच भाराने आडवे होत होते.

पाल यांच्या संस्थेत खोड आखूड आणि बळकट करण्याचे प्रयत्न पन्नाशीच्या दशकात सुरू झाले. देशी गव्हांशी संकर झाले, किरणोत्साराने उत्परिवर्तन घडविण्याचे प्रयोगही झाले. खोड आखूड झाले की ओंबीही आखूड होई. हे कोडे दुसऱ्या खंडात सुटले. जपानच्या नोरिन १० या बुटक्या गव्हाचा अमेरिकेत ऑर्व्हिल व्होगेल यांनी संकरासाठी उपयोग केला. तेथून ते बी मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे गेले. बोरलॉग यांनी त्यातून आखूड खोडाचे, मोठ्या ओंबीचे, खत पचविणारे आणि तांबेऱ्याला तोंड देणारे वाण तयार केले.

स्वामिनाथन यांनी १९६२ मध्ये बोरलॉग यांना भारतात बोलावण्याचा प्रस्ताव पाल यांच्यापुढे ठेवला. येथे पाल यांच्यातील शास्त्रज्ञाची परीक्षा होती. बुटका गहू यशस्वी ठरला, तर एनपी मालिकेतील त्यांचे उंच वाण, म्हणजे जवळजवळ त्यांचे सारे कर्तृत्व, इतिहासजमा होणार हे उघड होते. त्यांनी प्रस्ताव सरकारकडे पाठविला. मार्च १९६३ मध्ये बोरलॉग भारतात आले, त्यांनी उत्तरेतील गव्हाची शेते पाहिली आणि परत गेल्यावर चार बुटक्या वाणांचे प्रत्येकी १०० किलो बियाणे पाठविले. त्याच वर्षीच्या रब्बी हंगामात दिल्ली, लुधियाना, पंतनगर, कानपूर आदी ठिकाणी ते पेरले गेले. निकाल नजरेत भरणारे होते. पुढच्या हंगामांत शेतकऱ्यांच्या शेतांवरच प्रात्यक्षिके घेतली गेली. दिल्लीजवळचे जौंती हे गाव नव्या गव्हाच्या बियाण्याचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले.

ही चाचणी इतक्या वेगाने होऊ शकली, याचे कारण चाचणीची यंत्रणा आधीच उभी होती. डोंगरातली केंद्रे, रोगाच्या पोटजातींची नोंद ठेवणारे वनस्पतिरोगशास्त्रज्ञ, एकाच वेळी अनेक हवामानांत पेरणी करून निकालांची तुलना करणारे पैदासकार हे सारे तांबेऱ्याशी झालेल्या दीर्घ झुंजीत घडले होते. उंच गहू जगावा म्हणून उभारलेली व्यवस्था बुटक्या गव्हाच्या कामी आली.

निर्णयाची वर्षे

मे १९६५ मध्ये पाल भारतीय कृषी संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. त्याआधी परिषदेची सूत्रे प्रशासकीय अधिकाऱ्याकडे असत. शास्त्रज्ञाकडे ती सोपविण्याची ही पहिलीच वेळ. अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी कृषी संशोधनाची फेररचना हाती घेतली होती. विखुरलेल्या संशोधन संस्था परिषदेच्या छत्राखाली आल्या. एकेका पिकासाठी अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाले. पंजाबातील विद्यापीठ, दिल्लीतील संस्था आणि दख्खनमधील केंद्र एकाच आराखड्यानुसार तेच वाण पेरू लागले आणि हंगामाअखेरीस एकत्र बसून निकाल तपासू लागले. कोणत्या शास्त्रज्ञाचा वाण आहे यापेक्षा तो किती ठिकाणी टिकतो याला महत्त्व आले.

याच वेळी पावसाने पाठ फिरविली. १९६४-६५ मध्ये सुमारे १ कोटी २३ लाख टनांवर गेलेले गव्हाचे उत्पादन १९६५-६६ मध्ये १ कोटी ४ लाख टनांवर घसरले. पुढच्या वर्षीही दुष्काळ पडला. अमेरिकेहून जहाजांनी येणाऱ्या गव्हावर देशाची शिधापत्रिका अवलंबून राहिली. अशा स्थितीत मेक्सिकोतून आधी काही शे टन आणि १९६६ मध्ये १८ हजार टन बियाणे आयात करण्याचे ठरले. परकीय चलनाची टंचाई, खतांचा तुटवडा आणि परक्या वाणावर एवढी भिस्त ठेवण्याचा धोका, असे आक्षेप त्यावर होते. त्यांतील शेवटचा आक्षेप पाल यांच्याइतका कोणालाच कळत नसावा. एकाच प्रकारचा गहू लाखो हेक्टरवर पेरला आणि बुरशीने त्याला भेदणारी पोटजात निर्माण केली तर काय होते, याचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला होता. म्हणूनच आयातीच्या जोडीने आलेल्या वाणांतून भारतीय परिस्थितीला साजेशी निवड आणि देशी गव्हांशी संकर यांवर भर राहिला.

मेक्सिकन गव्हाचा दाणा तांबडा होता. बाजारात त्याला भाव कमी मिळे आणि त्याची पोळी घरोघरी नाके मुरडायला लावी. भारतीय पैदासकारांनी मेक्सिकोहून आलेल्या मिश्र पिढ्यांतून पिवळसर दाण्याची रोपे वेचली. त्यांतून कल्याण सोना आणि सोनालिका हे वाण निघाले. दिल्लीच्या संस्थेत किरणोत्साराच्या साह्याने सोनोरा ६४ चा दाणा बदलून शरबती सोनोरा तयार करण्यात आला. १९६७-६८ मध्ये गव्हाचे उत्पादन १ कोटी ६५ लाख टनांवर पोहोचले. जुलै १९६८ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते गहू क्रांतीचे विशेष टपाल तिकीट प्रकाशित झाले. १९७१-७२ मध्ये उत्पादन २ कोटी ६४ लाख टन झाले. त्याच हंगामाच्या मध्यावर, १९७२ च्या आरंभी, पाल परिषदेतून निवृत्त झाले. त्यांच्या उंच गव्हांची जागा तोवर बहुतेक सिंचित शेतांत बुटक्या गव्हांनी घेतली होती.

गुलाब, चित्रे आणि मृत्युपत्र

गव्हाइतकीच निष्ठा त्यांनी गुलाबावर ठेवली. दिल्ली प्रिन्सेस, बंजारन, डॉ. होमी भाभा अशा अनेक नव्या गुलाबांची पैदास त्यांच्या हातून झाली. भारतातील गुलाबांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ बागप्रेमींना परिचित आहे. बोगनवेल, वेली आणि फुलझुडपांवरही त्यांनी पुस्तके लिहिली. ते चित्रेही काढीत. स्वभावाने मृदू, बोलण्यात मोजके असलेले पाल अविवाहित राहिले. संस्था, सहकारी आणि बाग हाच त्यांचा संसार होता.

सन्मान त्यांना क्रमाने मिळत गेले. १९५९ मध्ये पद्मश्री, १९६८ मध्ये पद्मभूषण आणि १९८७ मध्ये पद्मविभूषण. १९७२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. निवृत्तीनंतर पर्यावरण नियोजन आणि समन्वयासाठी नेमलेल्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. देशात पर्यावरण हा सरकारी धोरणाचा विषय होऊ लागला होता तो हा काळ. १९७५-७६ मध्ये ते भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. १४ सप्टेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या गुलाबांचा संग्रह आणि मिळकत त्यांनी ज्या संस्थेत आयुष्य घालविले तिलाच देऊन टाकली.

तांबेरा मात्र संपलेला नाही. ज्या कल्याण सोनाने क्रांती घडविली, तोच पुढे तपकिरी तांबेऱ्याला बळी पडू लागला आणि त्याच्या जागी नवे वाण आणावे लागले. १९९८ मध्ये आफ्रिकेतील युगांडात काळ्या तांबेऱ्याची नवी पोटजात आढळली, तेव्हा जगभरच्या गहू संशोधकांची झोप उडाली. आजही दरवर्षी हिवाळा सुरू होताच उत्तरेच्या पायथ्यापासून निलगिरीपर्यंत शास्त्रज्ञ गव्हाची पाने तपासतात, भुकटीचे नमुने गोळा करतात आणि कोणती पोटजात कोठे दिसली याची नोंद करतात. मैदानातील गहू निरोगी दिसतो त्या वर्षीही हे काम थांबत नाही.